एक मासा, दोन नावे



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्या गुरुजींनी मला याच शाळेत व्याकरण शिकविले. पुढे मी गोव्याच्या किनाऱ्यावर रापणकारांकडून मासळीची नावे टिपून एक शब्दसंग्रह सिद्ध केला आणि अभिमानाने त्यांना दाखविला. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘दोन नावांचे हे दोन मासे तू पाहिलेस का रे?’’ मी पाहिले नव्हते. नाव निराळे, म्हणून मासाही निराळा, असे मी धरून चाललो होतो.

अशी चूक थोरांच्या हातूनही घडते, हे मला सँडपर्च या समुद्री माशांविषयी वाचताना कळले. लांबट अंगाचे हे मासे पोटाखालच्या परांवर टेकून वाळूवर बसतात आणि डोळे फिरवीत भक्ष्याची वाट पाहतात. तांबड्या समुद्रापासून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत त्यांच्या सुमारे शंभर जाती आहेत. या शतकातही भर पडतेच आहे. 2010 साली तैवानजवळच्या एका जातीस मत्स्यतज्ज्ञ जॉन रँडल यांचे नाव देण्यात आले.

1829 साली जॉर्ज क्युव्हिए यांनी यांतील दोन जातींचे वर्णन केले. अंगावरील डोळ्यांसारख्या ठिपक्यांवरून एकीस ‘सहा डोळ्यांची’ आणि दुसरीस ‘अनेक डोळ्यांची’ अशा अर्थाची ग्रीक नावे दिली. एकीच्या गालावर तिरप्या रेघा, दुसरीच्या गालावर ठिपके. पुढे उलगडले की रेघांचा तो नर आणि ठिपक्यांची ती मादी! इतकेच नव्हे, तर हे मासे आधी मादी असतात आणि त्यांतील काही पुढे नर होतात. आज ‘सहा डोळ्यांचे’ नाव तेवढे टिकले आहे. आपल्या भाषेत मासा पुल्लिंगी आणि मासळी स्त्रीलिंगी. या प्राण्यास दोन्ही शब्द शोभावेत.

उलट प्रकारही आहे. न्यूझीलंडमधील इंग्रजांनी तेथील एका मोठ्या सँडपर्चला ‘ब्लू कॉड’ म्हटले. वास्तविक कॉडच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. माओरी भाषेत त्याला ‘रावारू’ हे स्वतःचे नाव आहे.

गुरुजींच्या प्रश्नानंतर मी पुन्हा किनाऱ्यावर गेलो, या वेळी टोपलीत हात घालून. सतरा नोंदी खोडाव्या लागल्या. त्यांच्या लाल शाईच्या प्रश्नचिन्हांसह ते हस्तलिखित मी आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे.