खुर्चीवरचा योग



योग म्हटला की जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण ज्याचे गुडघे वाकत नाहीत, जमिनीवर बसले तर ज्याला उठवत नाही, त्याने काय करावे? त्याने खुर्चीवर बसून योग करावा. आसन स्थिर आणि सुखाचे असावे, असे पतंजली मुनींनी सांगितले आहे. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार गुरुजी खुर्ची, पट्टा, उशी यांचा आधार देऊन आसने शिकवीत. १९७५ साली त्यांची संस्था पुण्यात सुरू झाली.

खुर्चीवरचा योग शिकवायचा कसा, हे शिकायला आम्ही शहरात गेलो. तिथल्या बाईंनी आधी खुर्ची पारखायला शिकवले. खुर्ची डुगडुगती नको. तिला चाके नकोत. ती भिंतीला टेकवून ठेवावी. बसणाऱ्याची पावले पुरी टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर पायांखाली पाट द्यावा. आम्ही सारे वहीत लिहून घेतले.

गावी परत आलो. देवळाच्या सभामंडपात वर्ग भरला. नऊ माणसे जमली. आम्हाला शाळेतल्या कवायतीची सवय! आम्ही मोठ्याने हुकूम सोडला, "दोन्ही हात वर!"

आठ जणांचे हात वर गेले. एका शेतकरी दादांचा डावा हात अर्धांगवायूने गेलेला. त्यांचा एकच हात वर गेला. लोकांनी वळून पाहिले. दादांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दादा आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, चार माणसांत लाज वाटली बघा. त्यापरीस घरीच बरा."

आम्हाला फार वाईट वाटले. खुर्ची आम्ही पारखली, पण माणसाला काही विचारलेच नाही! चूक दादांची नव्हती, आमची होती. तसे आम्ही त्यांना सांगितले. मग विचारले, "दादा, तुम्हाला काय जमतं, ते आम्हाला शिकवा."

दादांनी डावा हात मांडीवर ठेवला. उजव्या हाताने त्याला आधार दिला. न दुखता जेवढा उचलेल तेवढाच उचलला. तो छातीपर्यंतही आला नाही. पण श्वास नीट चालू होता, पाठ ताठ होती. तेच त्यांचे आसन. दादा परत वर्गात येऊ लागले.

आता आम्ही आधी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो. कुठे दुखते? चक्कर येते का? रक्तदाब आहे का? डोळ्यांचे, हाडांचे काही दुखणे आहे का? दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो. ज्यांना दिसत नाही, त्यांना प्रत्येक हालचाल शब्दांत सांगतो. त्यांना विचारल्यावाचून अंगाला हात लावीत नाही. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या समोर बसून करून दाखवतो. चाकाच्या खुर्चीत कुणी असेल तर आधी तिचा ब्रेक लावतो. आणि "सगळ्यांनी असेच करा" हे वाक्य आम्ही टाकून दिले आहे.

घरी करायला एक सोपा प्रकार सांगतो. खुर्चीत ताठ बसा. खांदे सैल सोडा. श्वास घेत घेत हात सावकाश वर न्या. श्वास सोडत खाली आणा. असे पाच वेळा करा. दम कोंडू नका. जेवल्यावर लगेच करू नका. दुखले की थांबा. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तडक दवाखाना गाठा.

आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. पण शिकवणाऱ्याने आधी विचारावे, हा धडा आम्हाला त्या दादांनी दिला. तुमच्या घरी कुणी म्हातारे, कुणी अधू माणूस कोपऱ्यात बसून असेल. त्याला "तुला जमायचं नाही" असे म्हणू नका. "तुला काय जमतं?" असे विचारा.