बाळासाठी तपासणी, तीही जोडीनं!



जुन्नर-आंबेगावच्या गावांतून मी सभा घेते. सभा उठली की एखादी सून मागं रेंगाळते आणि हळूच विचारते, "बाई, दिवस गेलेत. दवाखान्यात रक्त तपासायला सांगितलंय. त्यात एचआयव्ही निघाला तर मला घरात ठेवतील का?"

तिची भीती खोटी नाही. पण आज तिच्या पाठीशी औषध आहे आणि कायदाही आहे.

आधी औषधाचं बघू. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना तो लागू शकतो. पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागतो. आईनं रोज गोळी घेतली आणि बाळाला जन्मल्यापासून निदान सहा आठवडे औषध पाजलं, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. गोळी चुकवायची मात्र नाही. नियमित गोळीनं रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की तो संबंधातून जोडीदारालाही लागत नाही. सरकारी केंद्रांत ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात.

आता कायदा. एचआयव्ही-एड्सचा कायदा संसदेनं २०१७ साली केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. तो काय सांगतो?

• नीट समजावून, संमती घेऊनच तपासणी करावी.
• निकाल गुप्त ठेवावा.
• आजाराच्या कारणावरून उपचार, शाळा किंवा नोकरी नाकारू नये.
• तपासणीची सोय आणि औषधं सरकारनं शक्य तितकी पुरवावीत.
• अठरा वर्षांखालच्या बाधित मुलाला घरात राहण्याचा हक्क आहे.

म्हणजे औषध मागणं ही भीक नव्हे. लाजू नका.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तांबी, गोळ्या, ऑपरेशन यांनी पाळणा लांबतो किंवा थांबतो. एचआयव्ही थांबत नाही. निरोध दोन्ही कामं करतो. कुणा भगिनीवर बळजबरी झाली, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावं. जितकं लवकर, तितकं बरं. तिथं २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात.

नवरेमंडळींनो, बायकोला एकटीला पाठवू नका. तुम्हीही रक्त द्या. सासूबाई, निकाल काहीही येवो, दोष कुणाचा हे उकरत बसू नका. एका ताटात जेवल्यानं, एका घरात राहिल्यानं हा आजार लागत नाही. सुनेला घराबाहेर काढलं, तर तिची गोळी चुकेल आणि नातवाचं नुकसान होईल.

आहुप्याच्या डोंगरात राहा की आळेफाट्याला, आधी आपल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर पैसे पडत नाहीत.

दोघं मिळून तपासणी, बाळाची होई राखणी!