पोटाला तांदूळ, पायाला जमीन
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कोठे युद्ध पेटले, माणसे देशोधडीला लागली अशी बातमी आली की आम्ही मदतीचा डबा फिरवितो, कपडे गोळा करतो. ते केलेच पाहिजे. परंतु त्या मदतीने माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहिला काय, हे आम्ही फारसे विचारीत नाही. आज तो प्रश्न विचारावयाचा आहे आणि त्यासाठी कंबोडिया या बौद्ध देशाचे उदाहरण घ्यावयाचे आहे.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह जिंकली. शहरे रिकामी करून माणसांना शेतावर राबावयास हाकलले. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, रोगराई आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसे मेली. विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. भिक्खूंना चीवर उतरवावे लागले, अनेकांना ठार मारण्यात आले. शिकलेली माणसे वेचून संपविली गेली.

व्हिएतनामच्या फौजांनी ती राजवट उलथविली तेव्हा लाखो लोक थायलंडच्या सीमेकडे धावले. तेथील छावण्यांत जगभरातून तांदूळ आला, औषधे आली, जीव वाचले. परंतु अनेक छावण्यांवर लढणाऱ्या गटांचाच ताबा होता. म्हणून निर्वासितांच्या तांदळावर बंदूकवालेही पोसले गेले. उलट देशाच्या आत राहिलेल्या जनतेला, तिचे सरकार व्हिएतनामच्या पाठिंब्याचे म्हणून, पाश्चात्त्य राष्ट्रांनी पुनर्बांधणीची मदत नाकारली. भारताने मात्र १९८० मध्ये त्या सरकारला मान्यता दिली. भुकेला पक्ष नसतो, पण मदतीला पक्ष असू शकतो, हा पहिला धडा होय.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाला. मार्च १९९२ पासून सुमारे वर्षभरात ३ लाख ६० हजारांहून अधिक निर्वासित छावण्यांतून मायदेशी परतले. संयुक्त राष्ट्रांनी आधी प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टर शेतजमीन देण्याचे बोलून दाखविले होते. पण द्यावयाची जमीन होती कोठे? जी मोकळी दिसत होती तीत सुरुंग पेरलेले होते. अखेरीस बहुतेकांनी जमिनीऐवजी रोख रक्कम पत्करली : प्रौढ माणसामागे ५० डॉलर, मुलामागे २५. सोबत खेड्यात जाणाऱ्यांना ४०० दिवसांचे धान्य. बांधवांनो, विचार करा. ज्या मुलाचा जन्मच छावणीत झाला, ज्याने भात ट्रकमधून उतरताना पाहिला, शेतात उगवताना पाहिला नाही, त्याने ४०१ व्या दिवशी काय करावे?

सुरुंग पेरावयास क्षण लागतो. तो काढावयाचा तर माणूस गुडघ्यावर बसून वीत वीत जमीन तपासतो. १९७९ पासून कंबोडियात सुरुंग व न फुटलेल्या दारूगोळ्याने सुमारे २० हजार माणसे मेली, ४५ हजारांहून अधिक जखमी झाली. त्यांत सरपणाला गेलेल्या बाया होत्या, गुरे राखणारी पोरे होती. युद्ध संपले असे कागद म्हणत होता. शेत म्हणत नव्हते.

माणसामाणसांतही सुरुंग होते. भिक्खू महाघोसानंद यांचे सारे कुटुंब त्या राजवटीत नष्ट झाले. आपल्याकडे नालंदा येथे शिकलेले हे भिक्खू १९७९ च्या सुमारास छावणीत गेले, झोपडीत विहार उभारला आणि मैत्रीचे सुत्त छापून वाटले. एप्रिल-मे १९९२ मध्ये भिक्खू व परतणारे निर्वासित यांना घेऊन ते सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत महिनाभर चालत गेले. तांदळाच्या यादीत ही मदत नव्हती. पण ज्या गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याला पकडून दिले, तेथे तिच्यावाचून कोणी दार उघडले नसते.

आज चित्र कसे आहे? ज्या देशाला सुरुंग काढावयास इतरांनी शिकविले, त्याने २००६ मध्ये आपले सुरुंग काढणारे जवान सुदानला पाठविले. २०२३ मध्ये कंबोडियाने युक्रेनच्या पथकांना हेच काम शिकविले. घेणारा हात देणारा झाला; पुनर्वसन यालाच म्हणावे. मात्र २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि दोन्हीकडची लाखो माणसे घर सोडून निघाली. शांतता ही जपावी लागते, एकदा मिळाली म्हणून टिकत नाही.

म्हणून आमची सभेला नम्र सूचना अशी आहे. संकटाच्या वेळी जमविलेला सर्व निधी पहिल्या महिन्यातच संपवू नये. निम्मा पुढील वर्षांसाठी राखावा : बियाण्यासाठी, अवजारांसाठी, कृत्रिम पायांसाठी, शाळेसाठी. मदत कोणाच्या हातून जाते याची चौकशी करावी. पैसे लवकर वाटले नाहीत म्हणून लोक नावे ठेवतील. ठेवू द्यात. वर्तमानपत्रातून बातमी नाहीशी होते तेव्हाच त्या माणसाला आपली खरी गरज लागते. दयेचा तुकडा नव्हे, स्वाभिमानाने जगण्याचे साधन द्यावे, ही बाबासाहेबांची शिकवण आपण दुसऱ्याला मदत करतानाही विसरू नये.