विराम कोठे घ्यावा?
(होसकोटे येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



व्याकरणाचा आरंभ शाळेत होतो, असा आपला समज आहे. वस्तुतः सहा वर्षांचे मूल कर्ता, क्रियापद, काळ ही नावे जाणत नसले, तरी घरच्या भाषेत त्यांचा उपयोग सहजपणे करीत असते. होसकोट्यात कन्नड शाळेतील कित्येक मुलांच्या घरी तेलुगू किंवा उर्दू बोलली जाते. 'पाऊस आला' याला कन्नडमध्ये 'मळे बंतु' म्हणतात. त्याचाच प्रश्न 'मळे बंता?' असा होतो. तेलुगूत 'वान वच्चिंदि' आणि 'वान वच्चिंदा?'. दोन्हीकडे अखेरचा स्वर 'आ' झाला की विधानाचा प्रश्न होतो. या दोन्ही जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि 'काय बदलले?' एवढेच विचारावे. नियम मुलेच सांगतील. ज्या घरच्या भाषेला आपण अडथळा मानतो, तीच येथे साहाय्यास येते.

विरामचिन्हांचे मूळही उच्चारात आहे. जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज फारशी चिन्हे नसत. मोडी लिपीत तर शब्दही सुटे लिहीत नसत. वाचणारा मोठ्याने वाची आणि अर्थ पाहून थांबे. मराठीत इंग्रजी धर्तीची चिन्हे रूढ करण्यात मेजर टॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० सालचे. छापील पान मुकाट्याने वाचले जाऊ लागले, तेव्हा आवाजाचे काम या खुणांकडे आले.

म्हणून आधी वाचन आणि मग चिन्ह, हा क्रम ठेवावा. 'नको जाऊ दे' हे शब्द फळ्यावर लिहावेत. एकाने 'नको, जाऊ दे' असे वाचावे; दुसऱ्याने 'नको जाऊ, दे' असे. पहिल्यात निरोप आहे, दुसऱ्यात अडवणूक. स्वल्पविराम कशासाठी असतो, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

शेवटी वह्यांविषयी. एका पानावर वीस लाल खुणा पाहिल्या की मूल दुसऱ्या दिवशी दोनच ओळी लिहिते. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला तर आपले बोलणेच चुकीचे वाटू लागते, आणि ते वर्गात गप्प बसते. तेव्हा एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. बाकीच्या चुका पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. मुलाची लिहिण्याची इच्छा तेवढी थांबू देऊ नये.