दोन मिनिटांची शिस्त
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

मला दोनच मिनिटं दिलीत, ती पाळतो. ही सवय रेडिओची. आकाशवाणीवर चर्चा असली की एकाचं पुरं झाल्यावरच दुसरा बोले. दोन्ही बाजू कळत. मत आपलं आपण बनवायचं.

गाण्याचंही तसंच. गायकाबरोबर कवी, संगीतकार यांचीही नावं सांगत. म्हणून ‘शुक्रतारा’ म्हटलं की मला अरुण दाते, सुधा मल्होत्रा यांच्यासोबत मंगेश पाडगावकर आणि श्रीनिवास खळेही आठवतात.

परवा नातवानं हेच गाणं यूट्यूबवर लावून दिलं. आमची ही गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले. नातू म्हणाला, "आजोबा, लिहिलंय कोणी?" त्या पडद्यावर फक्त गायकांची नावं होती.

पंचवीस वर्षांत पाण्यावरून, पार्किंगवरून आपण एकमेकांचं बोलणं तोडलं. मीही तोडलं. आता प्रत्येकाचं पुरं ऐकू या. आणि आज अध्यक्ष-सचिवांचं कौतुक करताना, पहाटे उठून पंप सुरू करणाऱ्या आपल्या वॉचमनचंही नाव घेऊ या.

माझी वेळ संपली.