दुसऱ्याचें छायाचित्र पाहतांना

हिवाळ्यांतल्या रविवारीं पहांटे पुण्याहून सोलापूर रस्त्यानें निघालेल्या कित्येक मोटारी भिगवणच्या आसपास आंत वळतात आणि कुंभारगांव किंवा डिकसळ येथें पाण्याच्या कांठीं जाऊन थांबतात. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याच्या फुगवट्यानें इंदापूर तालुक्याच्या कडेला जें उथळ पाणी पसरलें त्यांत रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक असे पक्षी उतरूं लागले, आणि पक्ष्यांच्या मागोमाग कॅमेरे आले. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची पहिली मंडळी स्थापन झाली तेव्हां हा नाद मूठभर सधनांनाच परवडे. आज तो प्रत्येकाच्या खिशांत आहे. चित्रें उदंड झालीं. तीं नीट पाहून दोन उपयोगी शब्द सांगणारा मात्र विरळा.

चित्र दाखविलें कीं कोणी ‘वा, फार सुरेख!’ म्हणून मोकळा होतो, तर कोणी ‘क्षितिज वांकडें, रंग भडक’ एवढें बोलून तोंड फिरवितो. दुसऱ्याच्या बोलण्यानें होतकरूचा कॅमेरा कपाटांत जातो हें खरें. तरी पहिलाच अधिक घातक म्हणावा लागेल, कारण त्याच्यावर कोणी रागावत नाहीं.

बारामतीच्या महाविद्यालयांत शिकणारा एक विद्यार्थी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. घर मूळचें पळसदेवचें. छायाचित्रणाचा नाद नवा. सुटींत काढलेलें रोहित पक्ष्याचें चित्र घेऊन तो शेजारच्या काकांकडे येतो. काकांनीं तरुणपणीं अंधाऱ्या खोलींत बसून स्वतः फोटो धुतलेले आहेत.

“काका, कसा आलाय फोटो?”

काका लगेच उत्तर देत नाहींत. बराच वेळ पाहून विचारतात, “यांत तुला काय दाखवायचं होतं?”

“पंख. उडतांना उघडतात ना, ते.”

हा प्रश्न आधीं विचारलाच पाहिजे. पंख दाखवूं पाहणाऱ्याला पाण्यांतल्या प्रतिबिंबाविषयीं उपदेश केला तर तो बरोबर असूनहि वायां जातो. हेतु कळला म्हणजे काय साधलें तें सांगतां येतें, आणि काका तेंच प्रथम सांगतात: पंखांची कड रेखीव आली, क्षण नेमका पकडला. मग एकच दोष, तोहि कारणासह. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचें सारें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतो. काळसर पाण्यापुढें पांढरा पक्षी एवढासा असला कीं तो पाण्यावरून अंदाज बांधतो, उजेड जास्त घेतो, आणि पिसें जळून कोरा कागद उरतो. पुरती जळलेली पिसें मागाहून कोणत्याहि संस्कारानें परत येत नाहींत. “पुढल्या खेपेला उजेड एका पायरीनं कमी घे आणि तिथंच पडद्यावर मोठं करून पाहा,” एवढें सांगितलें म्हणजे मुलाजवळ पुढच्या रविवारचें काम असतें. दहा दोष एकदम ऐकवणाऱ्यापाशीं तें नसतें.

रंगाची गोष्ट अधिक नाजूक. मुलानें गुलाबी छटा इतकी चढविलेली कीं पक्षी सरबतांत बुडवून काढल्यासारखा दिसावा. रोहिताचा रंग त्याच्या अन्नांतील शेवाळ व बारीक कवचधारी जीव यांच्यांतील द्रव्यांमुळें येतो; त्याचीं पिलें करडीं असतात. आपल्याकडे येणारा मोठा रोहित अंगानें बराचसा पांढराच, आणि पंख उघडले म्हणजे मग किरमिजी व काळा रंग झळकतो. सारें अंगच गुलाबी केल्यावर त्या उघडण्यांतली गंमत गेली. म्हणजे मुलाला जें दाखवायचें होतें तेंच त्यानें पुसलें. संस्कार मुळांतच वाईट असें नव्हे. जुने छायाचित्रकारहि काचेवरील प्रतिमेवर पेन्सिल फिरवीत, छापतांना हाताची सावली धरून कांहीं भागाचा उजेड अडवीत.

काका आणखी एक विचारतात. “हे सगळे एकदम कसे उडाले?” मुलगा घुटमळतो. नावाड्याला नाव पुढें घालायला त्यानेंच सांगितलें होतें. काका ओरडत नाहींत. चरणाऱ्या थव्याला एकदां उठविलें म्हणजे त्याचें खाणें तुटतें व शक्ति फुकट जाते, एवढेंच सांगतात. चित्र कसें मिळालें हा प्रश्न जगांतील परीक्षकांनाहि चुकलेला नाहीं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेंत २००९ सालीं फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिला मान मिळाला. लांडगा बहुधा माणसाळविलेला असावा असें ठरल्यावर २०१० मध्यें तो काढून घेण्यांत आला.

दुसरें चित्र पळसदेवच्या जुन्या देवळाचें. उजनीच्या पाण्यानें जुनें गांव बुडालें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं देऊळ वर येतें. चित्राची बैठक उत्तम, संध्याकाळचा उजेड मऊ. शिखर मात्र साबणानें धुतल्यासारखें स्वच्छ. काकांना तें खटकलें, पण नेमकें काय तें त्यांना सांगतां येईना. तसें त्यांनीं कबूल केलें आणि म्हणाले, “घरीं आबांना दाखव.”

आबांना कॅमेऱ्यांतलें कांहींच कळत नाहीं. त्यांनीं चित्र डोळ्यांजवळ धरलें, दूर धरलें.

“पाण्याची रेघ कुठं गेली रे?”

“डाग होता, आबा. मीं काढून टाकला.”

“डाग न्हवं त्यो. तिथवर पानी चढतं. आपलं घर त्याच्या लई खाली हुतं.”

मुलानें मूळ प्रत टाकून दिली नव्हती. त्या रात्रीं तीच त्यानें पुन्हां उघडली. रेघ राहूं दिली, उजेड तेवढा सारखा केला, आणि सकाळीं चित्र घेऊन तो आधीं आबांकडे गेला.