केळ आणि आमर

केळफुलाची भाजी करावयास बसलेली गृहिणी प्रत्येक फुलांतून दोन जिन्नस काढून टाकते : एक कडक दांडी व दुसरा पातळ, पारदर्शक पापुद्रा. हे दोन्ही शिजत नाहींत, एवढें तिला पुरे असतें; परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ नेमका त्यांपाशींच थांबतो. दांडी हा स्त्रीकेसर होय, आणि पापुद्रा हें फुलाचें सहावें दल. उरलेल्या पांच दलांची मिळून एक नळी झालेली असते. हें मात्र वेगळें राहिलें.

आतां आमराचें, म्हणजे ऑर्किडचें, फूल घ्यावें. येथेंहि दलें सहाच, तीन-तीनांच्या दोन वेढ्यांत. येथेंहि गर्भकोश दलांच्या खालीं. आणि येथेंहि एक दल इतरांहून निराळें. त्यास ओष्ठ म्हणतात. मौज अशी कीं, केळीचा पापुद्रा व आमराचा ओष्ठ हीं फुलांतील एकाच जागचीं दलें आहेत. स्वयंपाकघरांत जें टाकून दिलें जातें, तेंच आमरांत रंग, ठिपके व झालर लेवून किड्यास बसावयाचा पाट होतें! तथापि तेवढ्यावरून दोन्ही कुळें सख्खीं मानूं नयेत. दोन्ही एकदल खरीं; पण केळीचें गोत्र आलें-हळदीकडे जातें, आमराचें शतावरी-कांद्याकडे. केळीच्या कुळांत जाती शंभरांहूनहि कमी, आमरांच्या पंचवीस हजारांहून अधिक.

केळीचा बुंधा हा खरा बुंधा नव्हेच. एकांत एक गुंडाळलेल्या पानांच्या तळांचा तो खांब. खोड जमिनींत असतें. आमरें पुष्कळशीं झाडांवर राहतात, पण त्यांना बांडगूळ म्हणणें अन्यायाचें आहे. तीं झाडाचा रस शोषीत नाहींत. लोंबत्या मुळांवरील स्पंजासारख्या आवरणानें पावसाचें पाणी टिपतात.

मोठा भेद परागांत व बियांत. केळीस बहुधा पांच पुंकेसर, पराग सुटे. आमरास बहुधा एकच. तोहि स्त्रीकेसराशीं एकजीव झालेला, आणि त्याचे पराग गोळ्यांच्या रूपानें किड्याच्या अंगाला चिकटून एकदमच जातात. त्यामुळें एका शेंगेंत हजारों, कधीं लाखों बिया धरतात. पण धुळीसारख्या त्या बियांत शिदोरी नसते. बुरशीनें आंत शिरून पोसलें तरच रानांत अंकुर वाढतो, हें फ्रान्सच्या नोएल बर्नार यानें १८९९ मध्यें ओळखलें. रानकेळीच्या बिया याच्या उलट. खड्यासारख्या कठीण व शिदोरीनें भरलेल्या.

खाण्याच्या केळ्यांत मात्र बीच नाहीं. मुनवा लावावा आणि नवें झाड घ्यावें. शेतकऱ्यास हें सोयीचें. पण मग सारी बाग म्हणजे एकच झाड हजार वेळां उभें केलेलें. परदेशीं व्यापारांतील ग्रो मिशेल ही जात अशीच मातींतील एका बुरशीस बळी पडली आणि १९६० च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिश गटानें घेतली. जळगांवकडील बसराई व ग्रँड नैन याच गटांतल्या. आतां त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाहि मारूं लागला असून बिहारमधील बागांत तो आढळला आहे.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यांत कवदर दिसते. ती केळीच्याच कुळांतली. पण तिला मुनवे फुटत नाहींत. एकदां फळली कीं ती मरते, आणि कड्याच्या फटींत पडलेल्या काळ्या बियांतून पुढची कवदर उगवते.